प्रार्थनेत मागतो ते आणि मनात असतं ते

पाणपोई

सलाम मंडळी,

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो: मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे? पहिल्यांदा याकोब आणि योहान या शिष्यांना. ते म्हणतात, तुझ्या वैभवात आम्हाला एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसव. दुसऱ्यांदा यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला. तो म्हणतो, मला दिसू दे. त्या दोघांना उत्तर मिळतं, तुम्ही काय मागता ते तुम्हाला कळत नाही. बार्तीमयाला दृष्टी मिळते.

लहानपणापासून हा अध्याय ऐकत आले, पण दोन्हीकडे प्रश्न तोच आहे हे कोणी दाखवलं नव्हतं. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर कॅथलिकांच्या एका साधनेला, म्हणजे मौन-प्रार्थनेच्या शिबिराला, गेले होते, तिथल्या सिस्टरांनी हे वाचून घेतलं आणि म्हणाल्या, आता हाच प्रश्न तुम्हाला विचारलाय असं समजून लिहा. लिहिलेलं कोणाला दाखवायचं नाही. एक उत्तर लिहून झालं की त्याच्याखाली परत विचारायचं, "आणि हे कशासाठी हवंय?"

आमच्या घरच्या प्रार्थनेत वर्षानुवर्षं एक विषय ठरलेला: धाकट्या भावाने परत चर्चला यावं. कॉलेज संपल्यापासून त्याने येणं सोडलंय. मी तेच लिहिलं. कशासाठी? त्याचं तारण व्हावं म्हणून. ते कशासाठी? असं करत खाली आले तेव्हा वहीत लिहिलेलं होतं, "आईने एकदा तरी म्हणावं की तू बरोबर होतीस."

वही मिटली. तेव्हापासून भावासाठी प्रार्थना करायला बसले की शब्द अडतात. प्रश्न असा, की विश्वासाच्या जीवनात हे असं खणत जाणं कामाचं आहे का? की देवाला सगळं ठाऊकच आहे, आपण आपलं मागावं आणि आमेन म्हणावं?

वसईचा_केळीवाला

पाणपोईताई, नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातली मुलगी सिस्टरांच्या साधनेला गेली, आधी याचेच पेढे वाटा. १५१७ ला तुमचे ल्यूथरबुवा तावातावाने पोपशी भांडले, पाचशे वर्षांनी एक तरी परत आली. (दिवे घ्या, गंमत करतोय.)

मुद्द्याचं बोलतो. आमच्या कॅथलिकांकडे खाली-वर असं काही नसतं. सप्टेंबरात मोत माऊलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेला वांद्र्याला जाऊन बघा. आठ तारखेच्या सणानंतरच्या रविवारपासून आठवडाभर टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते. दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं, सगळं मिळतं. ज्याला जे हवं ते तो विकत घेतो आणि आईच्या पायाशी ठेवतो. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे असतात. कोणी विचारत नाही की बाबा रे, हे घर तुला कशासाठी हवंय. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मनाचा तळ कशाला दाखवायचा? त्याला घर हवंय.

अर्धवटराव

मेणाचं घर घेताना कार्पेट एरिया विचारतात का?

वसईचा_केळीवाला

@अर्धवटराव, विचारतात. आणि पार्किंगचं वेगळं मेण.

खडूस_काका

धागा दोनदा वाचला. माझं मत स्पष्ट आहे. हे मनाच्या तळाशी वगैरे जाणं हल्लीचं खूळ आहे. यिर्मया १७:९ म्हणतो, हृदय सर्वांत कपटी आहे. जे मुळात कपटी त्याला विचारून काय खरं उत्तर मिळणार? एकाखाली एक काढत बसलात तर खाली आणखी कपट निघेल. आम्हाला चर्चच्या शब्बाथशाळेत शिकवलं ते असं: आज्ञा पाळा, सकाळ-संध्याकाळ वचन वाचा, आजाऱ्याला भेटायला जा. मनात काय येतं-जातं त्याचा हिशेब देवाकडे.

ताईंना एवढंच सांगेन, की भावासाठी प्रार्थना थांबवू नका. हेतू शुद्ध झाल्यावर मगच प्रार्थना करायची असं ठरवलं तर मंडळीत (चर्चमध्ये) कोणीच तोंड उघडणार नाही.

पाणपोई

काका, शेवटचं वाक्य पटलं. पण स्तोत्र १३९ मध्ये दावीद स्वतःच म्हणतो ना, हे देवा, माझी झडती घे? तो देवाला सांगतोय की बघ माझ्या मनात.

खडूस_काका

देवाला सांगतोय. वही-पेनाला नाही.

तिठा

पाणपोईताईंच्या सिस्टरांनी जे करून घेतलं त्याच्यामागे एका मोडक्या पायाची गोष्ट आहे. लांबण लागेल, पण सांगतो.

इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला सरदार घराण्यातला गडी. २० मे १५२१ ला पाम्प्लोनाच्या किल्ल्यात फ्रेंचांशी लढताना तोफेचा गोळा लागून पाय मोडला. घरी आणलं. हाड वाकडं जुळलं म्हणून पुन्हा मोडून बसवलं. तरी गुडघ्याखाली एक टोक वर आलेलं राहिलं. ते दिसलं तर तंग बूट घालता येणार नाहीत म्हणून याने ते करवतीने कापून घेतलं. भूल वगैरे काही नव्हती त्या काळी. माणसाला काय हवं होतं ते यावरून कळतं!

मग महिनोन्महिने अंथरुणावर. त्याने शूरवीरांच्या गोष्टी वाचायला मागितल्या. घरात एकही नव्हती. मिळालं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं बघायचा. एकात तो एका मोठ्या घराण्यातल्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवायचा. दुसऱ्यात संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी केलं ते आपण करावं असं वाटायचं. दोन्ही स्वप्नं पाहताना सारखीच गोडी. फरक नंतर पडायचा. पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं, उदास. दुसरं संपल्यावरही आनंद मागे राहायचा. हा फरक त्याच्या बऱ्याच दिवसांनी लक्षात आला, आणि पुढे त्याने ज्या साधना लिहून काढल्या त्यांचा पाया इथे आहे. १५४८ मध्ये पोप तिसऱ्या पॉलने त्यांना मान्यता दिली. त्यांत प्रत्येक ध्यानाच्या सुरुवातीला एक पायरी असते: मला जे हवं आहे ते देवाजवळ मागायचं.

म्हणजे काका, तो हृदयाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. इच्छा पूर्ण झाली असं मनात धरा आणि मागे काय राहतं ते बघा, असं सांगतो. कपटी हृदयाला पकडायची ही युक्ती आहे.

निशिगंध७७

तिठा, सुरेख प्रतिसाद. करवतीचा भाग वाचून माझ्याच पायात कळ आली.

रानजाई

मी या संस्थळावर बहुतेक नुसती वाचते. आज लिहितेय.

मला मूल हवं होतं. मोत माऊलीला मेणाचं बाळ ठेवलं, माहीमच्या बुधवारच्या नोव्हेना (नऊ वेळा करायच्या प्रार्थना) केल्या, चिठ्ठ्या लिहून टाकल्या. नंतर एका साधनेत मलाही असाच प्रश्न विचारला गेला, या इच्छेच्या खाली काय आहे? मी खूप शोधलं. एकटेपणाची भीती आहे का, सासरचं बोलणं आहे का, बाई म्हणून कमी पडल्यासारखं वाटतं का. सगळं थोडं थोडं होतं. पण खाली गेल्यावरही मूलच हवं होतं. त्याच्याखाली काही सापडलं नाही.

मूल झालं नाही. आता वय गेलं.

बायबलमधल्या निपुत्रिक हन्नाची गोष्ट मला म्हणून जवळची वाटते. ती मंदिरात ओठ हलवत रडत होती तर एली याजकाला ती दारू प्यायलीय असं वाटलं. ती म्हणाली, मी आपलं मन परमेश्वरापुढे ओततेय. तिने आतलं-बाहेरचं वेगळं केलं नाही. तिला मुलगा, शमुवेल, मिळाला, मला नाही, एवढाच आमच्यातला फरक.

वसईचा_केळीवाला

रानजाई, तुमचं वाचून थांबलो. वरच्या मेणाच्या विनोदाबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

रानजाई

नाही हो. पार्किंगच्या मेणाला मीपण हसले.

मिरजेची_पोर

आयर्लंडमधून लिहितेय, नाइट ड्यूटी संपली आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मला या धाग्यातली एक गोष्ट खुपते. "तुझी सर्वांत खोल इच्छा काय?" हा प्रश्न ज्यांना निवड करता येते त्यांच्यासाठी आहे. मी बारावी झाले तेव्हा घरात कोणी विचारलं नाही. आत्या नर्स, मावशी नर्स, मिशन हॉस्पिटलच्या आवारात वाढलेलं घराणं, फॉर्म भरून आणला गेला. मला गाणं शिकायचं होतं. चर्चमध्ये पाळकसाहेब सगळ्यांसमोर सांगायचे, आमच्या मुलीला सेवेचं पाचारण झालंय. पाचारण कसलं, घरभाडं होतं!

आता गंमत ऐका. इतकी वर्षं काम केल्यावर, पहाटे चारला एखादा म्हातारा हात धरून झोपतो तेव्हा मला जे वाटतं ते तिठांनी लिहिलंय तसं मागे राहतं. ड्यूटीवरून घरी येईपर्यंत राहतं. मग माझी खरी इच्छा कुठली म्हणायची, जी सतरा वर्षांची असताना होती ती, की जी लादलेल्या कामातून नंतर उगवली ती? गाणं अजूनही आठवतं. दोन्ही खरं असेल तर देवाने मला नर्स केलं की आत्याने?

अर्धवटराव

आत्याने. देव नुसती सही करतो.

केडगाव_लाईन

@मिरजेची_पोर, तुमच्या प्रश्नाला मला पंडिता रमाबाई आठवतात. आमचं गाव त्याच रेल्वे लाइनवर, पुणे-दौंडमध्ये, त्यामुळे त्यांच्या गोष्टी ऐकतच वाढले.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. त्याआधी संस्कृत पंडिता म्हणून नाव, पती वारलेले, पदरी लहान मनोरमा. त्यांना काय हवं होतं ते त्यांच्या कामातून सरळ दिसतं: बाईला माणूस म्हणून जागा देणारा धर्म, आणि विधवांसाठी काही करण्याचं बळ. ते मिळालं. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. बाहेरून पाहिलं तर हवं ते सगळं झालेलं होतं. आणि ही बाई आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या आत्मकथनात, लिहिते, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता.

मला इथे खटकणारी गोष्ट अशी, की लोक हे वाक्य वाचून पहिली इच्छा खोटी होती असं म्हणतात. विधवांसाठी काम करण्याची इच्छा खोटी? दुष्काळात १८९६-९७ ला त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी बायका-मुलींना घेऊन आल्या, केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं राहिलं, ते सगळं त्या पहिल्याच इच्छेतून आलेलं आहे. पुढची इच्छा पहिलीला पुसून आली नाही. शेवटची वर्षं त्या मूळ हिब्रू-ग्रीकमधून साध्या बायकांना कळेल असं बायबल मराठीत करत होत्या. एकुलती एक मनोरमा १९२१ मध्ये गेली, त्या स्वतः १९२२ मध्ये. बायबल छापून पूर्ण झालं ते त्यानंतर.

तर मिरजेच्या ताई, आत्याने नर्स केलं असेल. पण त्या म्हाताऱ्याचा हात तुम्ही धरलात.

मिरजेची_पोर

हे वाचून झोपते. आभार.

चिमटा

चर्चा छान चाललीय. पण एवढं सगळं आध्यात्मिक बोलण्यापेक्षा आपल्या आजोबा-पणजोबांना काय हवं होतं ते खरं सांगा की. दुष्काळात मिशनऱ्यांकडे गहू होता. पोटासाठी बाटले, आता नातवंडं अंतर्मनाचा शोध घेतात. असो.

अर्धवटराव

@चिमटा, मी देव मानत नाही, पण हे घाण बोललात.

संपादक मंडळ

यानंतरचे काही प्रतिसाद काढले आहेत. वरचा प्रतिसाद ठेवत आहोत कारण त्याला उत्तर आलेलं आहे. वैयक्तिक शेरेबाजी नको.

खडूस_काका

चिमटा यांना उत्तर देतो. रागाने नाही.

हो, गहू होता. ज्वारीही होती. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात आणि नंतरच्याही दुष्काळांत आमच्या भागातले पुष्कळ महार आणि मांग मंडळीत आले. आमचं घराणं त्यांतलं. पणजोबा वेशीबाहेरचे. उपाशी माणसाने भाकरी मागितली यात लाजायचं काय आहे? प्रभूने जी प्रार्थना शिकवली तिच्यात आधी रोजची भाकर आहे, पापांची क्षमा त्याच्यानंतर येते. हा क्रम मी लावलेला नाही.

आजोबा सांगायचे, की भाकरी दुष्काळ संपल्यावर गावातही मिळाली असती. काही लोक परत गेलेसुद्धा. पणजोबा गेले नाहीत. कारण मिशनच्या शाळेत मास्तरने त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या आजोबांना, पाटीवर स्वतःचं नाव लिहायला लावलं आणि पाटी हातात घेऊन वर्गाला दाखवली. मास्तरने पाटीला हात लावला. पणजोबांना पुढे आयुष्यभर कोणी विचारलं, की तू ख्रिस्ती का झालास, की ते पाटीचं सांगायचे. त्यांना गव्हाच्या खाली काय हवं होतं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. चिमटा यांना ते कसं ठाऊक असणार, त्यांच्या पाटीला कोणी हात लावायला नकार दिलेला नाही.

तिठा

काका, तुम्हीच वर म्हणालात की खाली जाणं हे खूळ आहे.

खडूस_काका

पणजोबांनी वही-पेन घेतलं नव्हतं. त्यांनी आयुष्य तसं काढलं. माझं मत बदललेलं नाही.

माळकरी_पुणे

मी वारकरी घरातला, ख्रिस्ती नाही, पण हा धागा सोडवत नाही. ना. वा. टिळकांचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं नवल वाटलं. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि म्हणाला, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ ला बाप्तिस्मा झाला. त्या वेळी टिळकांना एक नवा धर्मच काढायचा होता म्हणतात, म्हणजे महत्त्वाकांक्षा काही लहान नव्हती.

पण मला त्यांचा शेवट जास्त भिडतो. इतकी वर्षं मिशनचं काम केल्यावर १९१७ मध्ये ते बाहेर पडले आणि देवाचा दरबार काढला, जिथे बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही ख्रिस्ताच्या नावाने एकत्र बसतील. दोन वर्षांत वारले. म्हणजे साठीच्या जवळ आल्यावर, नाव-मान-पगार सगळं असताना, माणूस म्हणतो की मला हवं होतं ते हे नव्हे. आमचा तुकोबा त्यांना इतका जवळचा का वाटायचा ते मला तिथे कळतं. आमच्याकडेही देवाजवळ काय मागायचं यावर अभंगांमागून अभंग आहेत.

अवांतर: लक्ष्मीबाईंना काय हवं होतं? नवऱ्याने धर्म बदलला, ही बाई पोराला घेऊन वर्षानुवर्षं वेगळी राहिली आणि मग स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या वेळेला ख्रिस्ती झाली. मला तर त्या दोघांत तिचाच शोध जास्त खरा वाटतो.

निशिगंध७७

लक्ष्मीबाईंसाठी +१. त्यांच्यावर वेगळा धागा काढा.

धावतं_चाक

मला वेगळ्या बाजूने बोलायचंय. सध्या मोबाइलवर जे प्रवचनकार फिरतात ते नेमकी हीच भाषा वापरतात. तुमच्या मनातली इच्छा देवानेच पेरलीय, स्तोत्र ३७:४ बघा, तो तुमच्या मनाच्या इच्छा पुऱ्या करील, म्हणून गाडी हवी तर गाडीचं नाव घ्या, रंग सांगा, हक्काने मागा. त्या वचनाचा पहिला अर्धा भाग, परमेश्वराच्या ठायी आनंद कर, तो घाईत म्हणून टाकायचा. याकोबाचं पत्र चौथा अध्याय तर ते उघडतच नाहीत. तुम्ही मागता पण मिळत नाही, कारण चैनीत उडवण्यासाठी मागता, असं तिथे लिहिलंय.

माझ्या मेव्हण्याला कॅन्सर झाला तेव्हा एक पाळक घरी येऊन म्हणाले, विश्वास कमी पडतोय म्हणून बरं वाटत नाही. तो माणूस त्या रात्री रडला ते दुखण्यामुळे नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे. पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचं का?

म्हणून खोल इच्छा म्हणजेच देवाची इच्छा असं कोणी म्हणालं की मी खिसा सांभाळतो.

तिठा

@धावतं_चाक, इग्नेशियसही तसं म्हणत नाही. त्याच्या साधनांत तीन तऱ्हेच्या माणसांचं एक ध्यान आहे. तिघांनाही दहा हजार ड्युकाट (त्या काळची सोन्याची नाणी) मिळालेत, आणि ते निव्वळ देवाच्या प्रेमाखातर मिळवलेले नाहीत. तिघांनाही मनातून वाटतं की या पैशाच्या ओढीतून सुटावं. पहिला सुटण्यासाठी मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसऱ्याला सुटायचंय, पण पैसा हातात ठेवून. म्हणजे देवाने याच्याकडे यावं, याने देवाकडे जायचं नाही. तिसरा म्हणतो, ठेवणं किंवा सोडणं दोन्हीकडे माझा हट्ट नाही, तुझ्या सेवेला जे बरं ते कर.

मी दुसऱ्या गटातला आहे. पक्का. नोकरी बदलायची की नाही हे देवाला विचारताना मी आधी नवा पगार किती ते काढून ठेवतो.

वसईचा_केळीवाला

चौथा गट: ज्याला दहा हजार ड्युकाट अजून मिळालेच नाहीत. त्याने कसलं ध्यान करायचं?

अर्धवटराव

त्याने पाचव्या गटाला कर्ज मागायचं.

बाकी एक प्रामाणिक शंका. मत्तयात लिहिलंय ना, तुम्ही मागण्याआधीच पित्याला ठाऊक असतं? मग तो विचारतो कशाला? बार्तीमय आंधळा आहे हे दिसत नव्हतं का?

केडगाव_लाईन

दिसत होतं. पण त्याला गर्दीने गप्प केलं होतं. येशूने त्याला बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. भिकाऱ्याला तुला काय हवं असं किती वेळा विचारलं जातं? लोक परस्पर पैसे टाकून पुढे जातात.

अर्धवटराव

हे उत्तर चांगलं आहे. पटलं असं नाही, पण चांगलं आहे.

पाणपोई

सगळ्यांचे प्रतिसाद सावकाश वाचले. रानजाई, तुम्ही लिहिलंत याबद्दल विशेष आभार. तुमच्यासारखं मला "खाली काही नाही" म्हणता येत नाही, माझ्या खाली ढीग निघाला.

एका ताईंनी व्यक्तिगत निरोपात विचारलं की तू उधळ्या पुत्राची गोष्ट शेवटपर्यंत वाचलीस का. लूक १५. तिच्यात पैसे उधळून परत आलेल्या धाकट्याचा थोरला भाऊ आहे, जो शेतातून येतो, गाण्याचा आवाज ऐकतो आणि आत जात नाही. मी इतकी वर्षं सेवा केली, मला एक करडूसुद्धा दिलं नाहीस, म्हणतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. तो आत गेला की नाही ते लूकने लिहिलेलं नाही. तर मी सध्या त्या अंगणात आहे.

तिठा यांची पद्धत करून पाहिली. मनात धरलं की भाऊ चर्चला आला, पहिल्या बाकावर बसला, आईने माझ्याकडे बघून मान हलवली. दोन मिनिटं छान वाटलं, मग काहीच नाही. मग धरलं की तो आला नाही, पण रविवारी माझ्याकडे जेवायला आला, पूर्वीसारखा ताटातलं मटण पळवायला लागला. ते मात्र बराच वेळ टिकलं.

त्याला फोन केला. चर्चचा विषय काढला नाही. त्याच्या मोटरसायकलचं इंजिन कसं उघडलंय ते अर्धा तास ऐकलं, एक अक्षर कळलं नाही. प्रार्थनेत आता त्याचं नुसतं नाव घेते, पुढची मागणी जोडत नाही. काका, थांबवलेली नाही.

खडूस_काका

बरं केलंत. आईशीही बोला कधीतरी.

पाणपोई

ते अवघड आहे काका.

खडूस_काका

म्हणूनच सांगितलं.

निशिगंध७७

अशी साधना मराठीतून कुठे होते का? रोजचं काम सांभाळून करण्याचाही काही प्रकार असतो असं ऐकलंय.

तिठा

असतो. मूळ साधना साधारण तीस दिवसांची, मौनात. पण ज्यांना घरदार सोडून जाता येत नाही त्यांनी रोज थोडा वेळ काढून महिनोन्महिने करायची, अशी सोय इग्नेशियसने स्वतःच करून ठेवलीय. जवळच्या जेझुइट, म्हणजे इग्नेशियसच्याच संघातल्या, फादरांकडे चौकशी करा. एकट्याने पुस्तक घेऊन बसू नका, सोबत कोणीतरी लागतं. स्पेनमधल्या मन्रेसा गावी त्याचं स्वतःचं काय झालं होतं माहितेय ना? पापांच्या शंकांनी इतका छळला की जीव द्यावासा वाटायला लागला होता.

धावतं_चाक

हे महत्त्वाचं आहे. खणायला सांगणारे पुष्कळ, वर काढायला थांबणारे कमी.

अर्धवटराव

शेवटची शंका, मग मी गप्प बसतो. संत ऑगस्टिन म्हणाला होता की देवात विसावेपर्यंत आमचं हृदय अस्वस्थ आहे. ठीक. हाच ऑगस्टिन तरुणपणी प्रार्थना करायचा, मला शुद्धता दे, पण आत्ताच नको, म्हणून मला तो माणूस आवडतो. पण समजा एखादा प्रामाणिकपणे तळापर्यंत गेला आणि तिथे देवाची ओढ नाहीच निघाली तर? तुम्ही सगळे धरून चालता की खाली तोच असणार.

रानजाई

मी नाही धरून चालत. कधी कधी खाली नुसता राग निघतो.

केडगाव_लाईन

मग रागच सांगायचा. स्तोत्र ८८ बघा. बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारावर संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही.

खडूस_काका

८८ नंतर ८९ आहे. परमेश्वराच्या दयेची गीते मी सदा गाईन, अशी सुरुवात आहे त्याची. एवढं सांगून झोपतो.

केडगाव_लाईन

काका, ८९ शेवटपर्यंत वाचा. तेही शेवटाकडे "हे परमेश्वरा, कोठवर?" असंच विचारतं.

खडूस_काका

वाचलंय. अगदी शेवटी आणखी एक वचन आहे, ५२ वं. ते वाचा आणि दिवा मालवा.

वसईचा_केळीवाला

तोवर मला एवढं सांगा, यंदा जत्रेला कोण कोण येतंय? नगरकरांना लोकल जमते का?